गरिबाचे अपील आणि गरिबाचा वकील
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकी कुणीतरी एका विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. आजवर बालसंगोपन झाले, घरगुती औषधे झाली, भिशी आणि बचत झाली. या खेपेस चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी विषय सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्पच राहिल्या. फौजदारी अपील आणि गरिबाला मिळणारा वकील, हा काही हळदीकुंकवात काढायचा विषय नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची पुस्तके मी वाचलेली नाहीत. पण माहेरच्या एका शेजारणीसाठी मला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आमच्या पेठेत राहणाऱ्या वकीलबाई गरिबांची अशी कामे सेशन्स कोर्टात चालवतात. मला जे उमजले नाही ते त्यांना विचारून घेतले. तेव्हा जे पाहिले आणि जे विचारून पक्के केले, तेवढेच आज सांगणार आहे.

तुरुंग म्हटले की आपण बायका पदर सावरून दोन पावले मागे सरतो. पण आपल्या या मुलखाला तुरुंग परका नाही. बेचाळीसच्या चळवळीत कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आत होते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह सांगलीच्या तुरुंगातून निसटले, ही गोष्ट कृष्णाकाठी अजून सांगतात. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारने गावोगाव न्यायदान मंडळे काढली. कारण कोर्टाचा खर्च आणि खेपा शेतकऱ्याला पेलत नव्हत्या. आणि न्यायाधीश कसा असावा हे सांगायचे झाले, तर रामशास्त्री प्रभुणे आपल्या माहुलीचेच. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा खुद्द राघोबादादांना दोषी म्हणायला ते कचरले नाहीत. मोठ्याला दोषी म्हणणे हा न्यायाचा एक भाग झाला. ज्याच्या पाठीशी कुणी नाही अशा लहान माणसाचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, हा दुसरा. मी बोलणार आहे ते या दुसऱ्या भागाविषयी.

आधी अपील म्हणजे काय ते सांगते. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली आणि ती चुकीची आहे असे वाटले, तर वरच्या कोर्टाकडे दाद मागायची, ते अपील. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल तर बहुधा सेशन्स कोर्टात, सेशन्स कोर्टाने दिली असेल तर हायकोर्टात, आणि त्यापुढे दिल्लीला सुप्रीम कोर्टात. प्रत्येकाला मुदत असते. सेशन्स कोर्टात जायचे तर ३० दिवस, हायकोर्टात जायचे तर ६० दिवस. फाशीची शिक्षा असेल तर मात्र हायकोर्टातही ३० दिवसच. मुदत टळली तरी सबळ कारण दाखवले तर कोर्ट उशीर माफ करू शकते. पण कारण दाखवायलासुद्धा वकील लागतो.

अपिलात साधारणपणे साक्षीदारांना पुन्हा बोलावत नाहीत. खाली जे जबाब झाले, जे कागद दाखल झाले, त्यांचे बाड वरच्या कोर्टापुढे येते. वकिलाने ते बाड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. पहिला साक्षीदार म्हणतो अंधार होता, दुसरा म्हणतो तोंड ओळखले. पंच म्हणतो काठी जप्त केली, डॉक्टर म्हणतात जखम काठीची नव्हे. अशा जागा हेरून काढायच्या. आमच्या वकीलबाई म्हणतात, “वहिनी, तुम्ही तांदूळ निवडता तसेच हे. फरक एवढाच, की इथे एक खडा राहिला तर एखाद्याची दहा वर्षे जातात.”

आता हे काम पैसे देऊन कुणीही करील. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने काय करायचे? हा प्रश्न जुना आहे. आपण मुंबई इलाख्यात होतो तेव्हा, १९४९ साली, सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी यासाठी समिती नेमली होती. पुढे १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले. पैशाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या अडचणीपायी कुणालाही न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असे ते कलम सांगते. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला.

पण कायद्याच्याही आधी एक निकाल झाला, आणि तो आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात. १९७८ सालचा होसकोट निकाल म्हणून तो ओळखला जातो. गंमत अशी की तो अर्जदार काही अडाणी नव्हता. विद्यापीठात शिकवणारा माणूस. विद्यापीठाची बनावट प्रमाणपत्रे करण्याच्या खटपटीबद्दल त्याला मुंबई हायकोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली होती. तो सुप्रीम कोर्टात फार उशिरा आला आणि म्हणाला, निकालाची नक्कल मला तुरुंगात मिळालीच नाही. नक्कल दिल्याची पोच तुरुंगाकडेही नव्हती. त्याचा अर्ज काही मंजूर झाला नाही. पण त्या निमित्ताने न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्व कैद्यांसाठी नियम घालून दिला. शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल ताबडतोब आणि फुकट द्यायची. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने ती कैद्याच्या हाती देऊन त्याची सही घ्यायची. अपील करायचे असेल तर सोय करून द्यायची. आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर कोर्टाने योग्य प्रकरणी वकील नेमायचा, त्याचा खर्च सरकारने सोसायचा. हे सरकारचे कर्तव्य आहे, दानधर्म नव्हे, असे त्यांनी बजावले.

अशीच एक गोष्ट अमेरिकेतली. फ्लोरिडा राज्यात गिडियन नावाच्या एका गरीब माणसावर एका खेळघरात चोरी केल्याचा आरोप होता. त्याने कोर्टात वकील मागितला. कोर्ट म्हणाले, असा वकील देण्याची इथे सोय नाही. तो स्वतःच आपली बाजू मांडत बसला आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. तिथून त्याने वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टाला चक्क पेन्सिलीने अर्ज लिहिला. १९६३ साली त्या कोर्टाने त्याचे म्हणणे मान्य केले. खटला पुन्हा चालला, या वेळी वकील होता, आणि गिडियन निर्दोष सुटला. माणूस तोच, कोर्ट तेच, आरोपही तोच. फरक पडला तो वकिलाचा.

आता माझ्या डोळ्यांदेखतची हकीगत सांगते. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. तिथल्या आमच्या शेजारणीचे नाव सांगत नाही. आपण तिला मावशी म्हणू. काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मावशी शेतमजुरी करणारी, नवरा वारलेला, एकच मुलगा. पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले आणि मुलाने एकाला मारले. तो मनुष्य बरेच दिवस दवाखान्यात होता. मुलावर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा खटला झाला आणि दहा वर्षांची सक्तमजुरी लागली. मुलाला कळंब्याच्या तुरुंगात नेले. घरातले किडूकमिडूक पहिल्या खटल्यातच संपले होते. कोर्टाच्या आवारात एका मध्यस्थाने तिला सांगितले, चाळीस हजार आण, हायकोर्टाचे मी बघतो. ती म्हैस विकायला निघाली होती.

मी त्या वेळी माहेरी गेले होते. मावशी माझ्यापुढे बसून म्हणाली, “आक्का, माझ्या पोरानं मारलं हे खरं हाय. मी खोटं न्हाई बोलायची. पण जीव घ्यायला गेला न्हवता त्यो. एवढं वरच्या सायबाला कुणीतरी सांगा.”

मी इकडे वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “आधी म्हैस विकू नका म्हणावे. आणि सांगलीच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे जा.” आम्ही दोघी गेलो. तिथल्या कारकुनाने एक साधा अर्ज पुढे केला. कैद्याचे नाव, कुठल्या कोर्टाने कोणत्या तारखेला शिक्षा दिली, कोणत्या तुरुंगात आहे, एवढेच त्यात होते. उत्पन्नाचा दाखला आणला नाही म्हणून मी घाबरले होते. पण जो माणूस कोठडीत आहे त्याला उत्पन्नाची अट नाही, असे समजले. मावशीने अंगठा दिला. निकालाची नक्कल मुलाला तुरुंगात फुकट मिळाली होती. तो ती उशाशी ठेवून होता, कारण तिचे काय करायचे ते त्याला कुणी सांगितले नव्हते. साठ दिवसांवर अठरा दिवस जास्त होऊन गेले होते.

कागद मुंबईला हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे गेले. महिन्याभरात पत्र आले, अमुक वकील नेमले आहेत. त्यासुद्धा एक तरुण बाईच होत्या. उशीर माफ व्हावा म्हणून त्यांनी अर्ज केला, तो मान्य झाला. मग शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळावा म्हणून अर्ज केला. तो पहिल्याने नाकारला गेला, वर्षाने मान्य झाला. मुलगा घरी आला तेव्हा मावशीने आधी त्याची दृष्ट काढली आणि मग त्याच्या मुस्काटात दिली.

अपील पुष्कळ दिवसांनी निघाले. त्या वकीलबाईंनी बाड वाचून दोन जागा काढल्या होत्या. एक, डॉक्टरांच्या साक्षीत जखमा हाताला आणि पायाला होत्या; डोक्याला, छातीला एकही नव्हती. दुसरी, विळा वापरल्याचे फक्त फिर्यादीचा भाऊ म्हणत होता. बाकीचे दोघे काठी म्हणत होते. कोर्टाने मुलगा निर्दोष आहे असे म्हटले नाही. त्याने गंभीर दुखापत केली हे कायम ठेवले. परंतु जिवे मारण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असे म्हणून शिक्षा कमी केली आणि जखमी माणसाला भरपाई द्यायला लावली. त्या वकीलबाईंनी मावशीकडून एक पैसा घेतला नाही. असा नेमलेला वकील अशिलाकडून पैसे घेऊच शकत नाही.

मावशीचे म्हणणे आणि हायकोर्टाचे म्हणणे शेवटी एकच निघाले. पोराने मारले हे खरे. जीव घ्यायला गेला नव्हता हेही खरे. तिचे शब्द वरपर्यंत पोचवायला माणूस मिळाला, म्हणून एवढे झाले.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, गुन्हेगाराला सरकारने आपल्या पैशाने वकील का द्यावा? ज्याला मारले त्याचे काय? हा प्रश्न मलाही पडला होता. बाईमाणसाला तर तो जास्तच पडतो. बलात्काराच्या, हुंडाबळीच्या बातम्या वाचून आपल्याला वाटते, असल्यांची बाजू कुणी घेऊच नये.

त्यावर नाशिक जिल्ह्यातली एक हकीगत ऐका. जून २००३ मध्ये तिथे एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. अंगावर काटा यावा असाच प्रकार. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना पोलिसांनी धरले. २००६ साली सहाही जणांना फाशीची शिक्षा झाली. २००७ साली हायकोर्टाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. वाचलेल्या बाईने पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून भलत्याच चार जणांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपास झालाच नव्हता. कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षे गेली ती गेलीच. आणि ज्या बाईची घरातली माणसे गेली, तिला तरी काय मिळाले? निरपराध माणूस आत बसला की खरा अपराधी मोकळा राहतो. म्हणून आरोपीचा वकील नीट काम करतो तेव्हा ते फिर्यादीच्याही हिताचेच असते.

मुंबईवर हल्ला करणाऱ्या कसाबलासुद्धा हायकोर्टात विधी सेवेमार्फत वकील दिले होते. त्यांत एक बाई होत्या. त्यांनी त्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले. फाशी कायम झाली. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम करताना हेही सांगितले, की धरून आणलेल्या माणसाला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभे करतील त्याच वेळी, तुला सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे त्याला सांगितले पाहिजे. त्याचे सगळे ऐकून घेऊन शिक्षा झाली, म्हणून त्या शिक्षेकडे कुणाला बोट दाखवता आले नाही.

आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही हा कायदा विसरलेला नाही. फिर्यादीतर्फे सरकारी वकील असतोच. शिवाय बाईला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अत्याचार झालेल्या स्त्रिया आणि मुले, ॲसिड हल्ल्यातल्या पीडिता यांच्यासाठी आपल्या राज्यात २०१३ सालापासून मनोधैर्य योजना आहे. त्यांच्या अर्जासाठीही याच प्राधिकरणाकडे जायचे.

आत असलेल्या बायकांचे दुःख तर आणखी निराळे. पुरुष आत गेला तर बायको डबा घेऊन जाते, तारखेला उभी राहते. बाई आत गेली की बहुधा सासरचे येत नाहीत आणि माहेरचेही येत नाहीत. शीला बारसे नावाच्या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिले. त्यांतल्या पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. १९८३ साली त्या पत्रावरून निकाल झाला. बायकांची कोठडी वेगळी असावी, तिच्यावर स्त्री शिपाई असाव्यात, अटक झाली की जवळच्या कायदा मदत समितीला कळवावे, वकिलांनी तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटावे, असे त्यात आहे. एका बाईच्या पत्राने एवढे झाले, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या वकिलांचे काम सोपे नाही. मानधन थोडे, कामे फार. अशील तुरुंगात, त्याची गाठ पडणे मुश्कील. वर अशिलाचा विश्वास नसतो. फुकटचा वकील काय कामाचा, असे तोच म्हणतो. आमच्या वकीलबाईंनाच एका कैद्याने विचारले होते, “बाई, तुम्ही खऱ्या वकील का सरकारी?” आणि असेही सांगितले पाहिजे, की सगळेच सारख्या मनाने काम करतात असे नाही. म्हणून २०२२ सालापासून नवी पद्धत सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ पगारी वकील नेमायचे, त्यांनी खासगी वकिली करायची नाही, फक्त अशा लोकांची फौजदारी कामे सेशन्स कोर्टापर्यंत चालवायची. त्यांना आपल्याकडे लोकअभिरक्षक म्हणतात.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी आणखी एक चांगली गोष्ट झाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ कोल्हापुरात सर्किट बेंच म्हणून बसू लागले. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे तिथे चालतात. चाळीस वर्षांवर लोक त्यासाठी मागणी करीत होते. मावशीला एका तारखेसाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागली होती. दोन दिवसांची मजुरी बुडाली, फलाटावर झोपावे लागले. आज तीच बाई सकाळची भाकरी करून सांगलीहून एस. टी.ने कोल्हापूरला जाईल आणि दिवेलागणीला घरी येईल.

आता शेवटी, ध्यानात ठेवायच्या चार गोष्टी. घरकामाला येणारी बाई, भाजीवाली, शेतावरची मजूरीण, यांच्यापैकी कुणावर प्रसंग आला तर तिला सांगता याव्यात म्हणून सांगते. 

पहिली, निकालाची तारीख लिहून ठेवावी. मुदत तिथून सुरू होते. 

दुसरी, शिक्षा झालेल्याला नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. 

तिसरी, कैद्याला तुरुंगातूनही अपील करता येते. अर्ज तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा, तो पुढे पाठवणे हे त्यांचे काम आहे. २०२४ सालच्या जुलैपासून फौजदारी कायद्यांची नावे आणि कलमांचे आकडे बदलले, पण हा हक्क गेलेला नाही. 

चौथी, दागिना मोडण्याआधी, जनावर विकण्याआधी, कोऱ्या कागदावर अंगठा देण्याआधी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाची पायरी चढावी. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. जाणे जमत नसेल तर १५१०० या नंबरावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

आपल्या मंडळात वीस-पंचवीस जणी लिहिता-वाचता येणाऱ्या आहेत. महिन्यातून एक दुपार आपण अशा बायांचे अर्ज लिहून देण्यासाठी ठेवली, तर खर्च काहीच नाही. लागेल ती शाई, कागद आणि थोडी सवड. ही सूचना मी अध्यक्षीणबाईंपुढे ठेवते आणि पुढच्या सभेत तिचा विचार व्हावा अशी विनंती करते.